धोरण बदलले, अंदाज बदलला की चूक सापडली? मागच्या वर्षाच्या आकड्यांना हात लावण्याआधी

मागच्या वर्षाच्या हिशेबात काहीतरी बदलावे लागणार असे लक्षात आले की हात आपोआप जर्नल नोंदीकडे जातो. थांबा. नोंद दोन-तीन ओळींची असते आणि तिची पाळी सगळ्यात शेवटी येते. त्याआधी एक प्रश्न सोडवायचा असतो: ज्या माहितीमुळे हा बदल करावा लागतोय, ती माहिती नेमकी कधी आपल्या हाताशी होती? याचे उत्तर कागदासकट फाइलमध्ये असेल तर पुढचे काम साध्या बेरीज-वजाबाकीचे आहे. नसेल, तर कितीही सुबक तक्ते केले तरी ऑडिटरच्या दुसऱ्या प्रश्नाला गाडी अडते.

या कामातून मी बऱ्याचदा गेलो आहे. ज्यांच्या टेबलावर ते पहिल्यांदाच येऊन पडले आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

1. आधी तुम्हाला कोणते मानक लागू आहे ते पाहा

मानक म्हणजे हिशेब कसे मांडायचे याचा ठरलेला नियम. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार हिशेब असतील तर आयएएस 8. भारतात इंड एएस (आंतरराष्ट्रीय मानकांवर बेतलेली भारतीय मानके) लागू असलेल्या कंपन्यांना इंड एएस 8. त्याचा गाभा तोच आहे. इंड एएसच्या कक्षेत न येणाऱ्या भारतीय कंपन्यांना एएस 5. अमेरिकी पद्धतीला एएससी 250.

हे आधी ठरवायचे कारण असे, की जुन्या चुकीची वागणूक सगळीकडे सारखी नाही. एएस 5 मध्ये मागील काळातील बाब चालू वर्षाच्याच नफा-तोटा पत्रकात येते, फक्त वेगळी दाखवावी लागते. बाकी तिन्हींत मागे जाऊन जुने आकडेच दुरुस्त करायचे असतात. इंटरनेटवरचे एखादे उदाहरण उचलताना ते कोणत्या मानकावर बेतलेले आहे हे न पाहिल्यामुळे होणारे घोटाळे नेहमीचेच.

जुन्या पुस्तकांपासूनही सावध राहा. अमेरिकेत 1971 च्या नियमानुसार धोरणबदलाचा एकत्रित परिणाम बहुतेक वेळा बदलाच्या वर्षीच्या नफ्यात घेत असत. 2005 साली आलेल्या विवरणपत्र 154 या तिथल्या मानकाने ते बंद केले. नफा-तोटा पत्रकाच्या तळाशी ‘धोरणबदलाचा एकत्रित परिणाम’ अशी ओळ दाखवणारे उदाहरण समोर आले तर पुस्तक मिटून ठेवा.

जाता जाता: आयएफआरएस 18 हे नवे आंतरराष्ट्रीय मानक 1 जानेवारी 2027 पासून लागू होते आणि त्याबरोबर आयएएस 8 चे शीर्षकही बदलते. क्रमांक तोच राहतो, म्हणून नव्या नावाने गोंधळू नका. या लेखातली उदाहरणे आयएएस 8 धरून आहेत.

2. कागद गोळा करा

- मागच्या दोन वर्षांची मंजूर झालेली वित्तीय पत्रके, टिपांसकट
- त्या वर्षांचा ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या शिल्लकींची यादी) आणि संबंधित खात्याची खतावणी
- मूळ निर्णयाचा आधार: खरेदी करार, तांत्रिक अहवाल, त्या वेळचा ई-मेल, संचालक मंडळाचा ठराव
- स्थिर मालमत्तेचे रजिस्टर किंवा मालसाठ्याचे मूल्यांकन, जे प्रकरण असेल ते
- कराची गणना आणि स्थगित कराचा तक्ता (पुस्तकी नफा आणि करपात्र नफा यांतल्या वेळेच्या फरकामुळे पुढे ढकलला जाणारा कर)
- ऑडिटरने मागच्या वर्षी ‘किरकोळ’ म्हणून सोडून दिलेल्या फरकांची यादी

शेवटचा कागद बहुतेक जण मागतच नाहीत. तो मागा. तो का लागतो ते पायरी 5 मध्ये येईल.

3. तिघांपैकी हे नेमके काय आहे?

इथे घाई करू नका. सगळ्या कामाचा निम्मा वेळ या पायरीवर गेला तरी तो वाया जात नाही.

धोरण म्हणजे कोणत्या तत्त्वाने किंवा कोणत्या आधारावर मोजायचे हे ठरवणे. अंदाज म्हणजे ज्या रकमेचे मोजमाप अनिश्चित आहे, तिच्यासाठी आज उपलब्ध माहितीवरून काढलेला आकडा. चूक म्हणजे त्या वेळी उपलब्ध असलेली आणि थोडे हातपाय हलवले असते तर मिळाली असती अशी माहिती न वापरणे अथवा चुकीची वापरणे. गणिताची गफलत, नियम चुकीचा लावणे, नजरचूक आणि लबाडी हे सगळे चुकीतच येते.

व्याख्या वाचताना सगळे सरळ वाटते. अडते ते पुढच्यासारख्या ठिकाणी.

मालसाठा फिफोने (आधी आलेला माल आधी गेला असे धरून) मोजत होतो, आता भारित सरासरीने (सगळ्या मालाला प्रमाणानुसार सरासरी किंमत लावून) मोजणार: धोरणबदल. मोजण्याचा आधारच बदलला.

घसारा सरळ रेषेने, म्हणजे दरवर्षी सारखा, लावत होतो, आता घटत्या शिल्लक पद्धतीने, म्हणजे उरलेल्या किमतीवर, लावणार: अंदाजातला बदल. इथे पुष्कळ जण फसतात, कारण ‘पद्धत’ हा शब्द ऐकला की धोरणच वाटते. भारतात जुन्या एएस 6 मध्ये हा खरोखरच धोरणबदल धरत आणि मालमत्ता वापरात आल्यापासून घसारा पुन्हा काढावा लागे. सुधारित एएस 10 नंतर तिथेही तो अंदाजच झाला. पंधरा-वीस वर्षे काम केलेल्या माणसाच्या डोक्यात जुना नियम पक्का बसलेला असतो, तेव्हा वरिष्ठांशी वाद घालण्याआधी परिच्छेद उघडून समोर ठेवा.

आधीचे धोरण नियमात बसतच नव्हते, आता बसणारे लावले: ही चूक आहे. ‘आम्ही धोरण सुधारले’ असे गोंडस वाक्य टिपेत घालून ती धोरणबदल होत नाही.

याआधी कधी न केलेला व्यवहार आता सुरू झाला आणि त्यासाठी धोरण ठरवले: तिघांपैकी काहीच नाही. मागे जाण्याचा प्रश्नच येत नाही.

जमीन-इमारत मूळ किमतीऐवजी पहिल्यांदाच पुनर्मूल्यांकनाने दाखवायला घेतली: हा धोरणबदलच आहे, पण मानकाने त्याला अपवाद ठेवला आहे. तो पुनर्मूल्यांकनाच्या नियमानेच हाताळायचा, जुने आकडे बदलायचे नाहीत.

येण्यांवरची तरतूद (ग्राहकांकडून बुडण्याची शक्यता असलेल्या रकमेसाठी बाजूला धरलेला खर्च) वाढवली: ग्राहक या वर्षी अडचणीत आला असेल तर अंदाज. मागच्या वर्षीची पत्रके मंजूर होण्याआधीच त्याच्या दिवाळखोरीचे पत्र कार्यालयात येऊन पडले होते आणि कुणी उघडले नाही, तर चूक. तरतूद तीच, रक्कम तीच. फरक फक्त त्या पत्रावरच्या आवक शिक्क्याच्या तारखेचा.

धोरण की अंदाज हे काही केल्या ठरत नसेल तर अंदाज धरा, अशी सवलत आयएएस 8 देते. मात्र ती सवलत एवढ्यापुरतीच आहे. अंदाज की चूक असा पेच असेल तर ती लागू होत नाही. नेमका हाच पेच सगळ्यात जास्त वेळा पडतो, कारण अंदाजातला बदल गाजावाजा न करता मिटतो आणि चुकीची दुरुस्ती चारचौघांत दिसते. वरून ‘अंदाजच म्हणा ना’ असा सूर येऊ लागला की समजा, तारखांचे कागद आता जास्तच लागणार.

दोन खरी उदाहरणे शेजारी ठेवून पाहा. अल्फाबेट कंपनीने 2023 च्या सुरुवातीला सर्व्हरचे उपयुक्त आयुष्य चार वर्षांवरून सहा वर्षे केले. ॲमेझॉनने उलट दिशेने जात 2025 पासून काही सर्व्हरचे आयुष्य सहावरून पाच वर्षांवर आणले. दोन्ही अंदाजातले बदल, उघड सांगून केलेले, आणि जुन्या आकड्यांना हात न लावता. आता अमेरिकेतल्याच वेस्ट मॅनेजमेंट कंपनीचे पाहा. कचरागाड्यांचे आयुष्य आणि भंगारमूल्य आधाराशिवाय फुगवून घसारा कमी दाखवला, असा आरोप तिथल्या बाजार नियामकाने 2002 मध्ये तिच्या माजी अधिकाऱ्यांवर ठेवला. त्याआधी 1998 मध्ये कंपनीने 1992 पासूनचे नफे करपूर्व 1.7 अब्ज डॉलरनी खाली आणले होते. आयुष्याची वर्षे दोन्हीकडे बदलली. एकीकडे त्यामागे नवी माहिती होती, दुसरीकडे, आरोपानुसार, काहीच नव्हते.

ठरले की एक पानाचे टिपण लिहा: काय बदलले, माहिती कधी मिळाली, कोणत्या कागदावरून, आणि बाकीचे दोन पर्याय का नाहीत. शेवटचा भाग टाळू नका.

4. अंदाज बदलला असेल तर

यंत्र 12,00,000 ला घेतले. आयुष्य 10 वर्षे, भंगारमूल्य शून्य, घसारा दरवर्षी 1,20,000. चार वर्षांनंतर पुस्तकी किंमत 7,20,000. पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला नव्या तांत्रिक पाहणीत दिसले की एकूण आयुष्य 8 वर्षेच आहे. उरली चार वर्षे. 7,20,000 भागिले 4, म्हणजे यापुढे दरवर्षी 1,80,000. झाले.

मागचे काही बदलत नाही आणि ‘फरकाची’ वेगळी नोंदही होत नाही. टिपेत लिहायचे की या वर्षीचा घसारा 60,000 ने वाढला आणि पुढच्या तीन वर्षांतही तितकाच वाढेल. पुढचा परिणाम काढणे व्यवहार्य नसेल तर तसे स्पष्ट लिहावे लागते.

यातला नेहमीचा सापळा: उत्साहाच्या भरात पहिल्या वर्षापासून नवा दर लावून आधीच्या चार वर्षांचा फरक या वर्षीच्या खर्चात टाकणे. तो ना अंदाजाचा नियम, ना चुकीचा.

5. चूक सापडली असेल तर

तेच यंत्र. पण या वेळी खरेदी कराराच्या जोडपत्रात पहिल्या दिवसापासून लिहिलेले होते की उत्पादक आठच वर्षे सुटे भाग देणार आणि त्यानंतर यंत्र चालणार नाही. कुणी जोडपत्र वाचले नाही आणि रजिस्टरला 10 वर्षे चढली.

मग घसारा सुरुवातीपासून 1,50,000 हवा होता. दरवर्षी 30,000 कमी पडले, चार वर्षांत 1,20,000. कराचा दर 25 टक्के धरू आणि कराच्या गणनेतला घसारा वेगळ्या नियमाने निघतो असे धरू. म्हणजे परिणाम स्थगित करावर होईल. चार वर्षांचा कर-परिणाम 30,000 आणि संचित नफ्यातली, म्हणजे मागील वर्षांपासून साठलेल्या नफ्यातली, घट 90,000.

नवख्या माणसाला गोंधळात टाकते ती गोष्ट अशी, की कामे दोन आहेत आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी करायची आहेत.

पहिले काम पुस्तकांत. मागची वर्षे बंद झालेली असतात आणि ती सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा उघडायची नसतात. पाचव्या वर्षाच्या पहिल्या तारखेला एकच नोंद येते:

संचित नफा खाते — नावे 90,000
स्थगित कर खाते — नावे 30,000
संचित घसारा खात्याला — जमा 1,20,000

दुसरे काम पत्रकांत. पाचव्या वर्षाच्या पत्रकांत चौथे वर्ष तुलनेसाठी छापले जाते. त्या स्तंभात चौथ्या वर्षाचा घसारा 30,000 ने वाढवा, स्थगित कराचा खर्च 7,500 ने कमी करा, नफा 22,500 ने घटवा. त्याआधीच्या तीन वर्षांचे 90,000, म्हणजे करानंतर 67,500, चौथ्या वर्षाच्या सुरुवातीच्या संचित नफ्यातून वजा करा. ताळा जुळतो का पाहा: 67,500 अधिक 22,500 बरोबर 90,000. हे काम वर्किंग पेपरमध्ये होते, खतावणीत त्याची कुठलीच खूण उमटत नाही. म्हणून बदललेल्या स्तंभाच्या डोक्यावर ‘पुनर्निर्धारित’ असे लिहा आणि जुना आकडा, दुरुस्ती, नवा आकडा असा तीन रकान्यांचा तक्ता जपून ठेवा. पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरे कुणी बसले असेल तर त्याला मागच्या छापील पत्रकाशी आकडे जुळत नाहीत हे दिसेल आणि तो दोन दिवस डोके खाजवत बसेल.

पाचव्या वर्षाचा स्वतःचा घसारा आता 6,00,000 भागिले 4, म्हणजे 1,50,000. पायरी 4 मध्ये तो 1,80,000 होता. तेच यंत्र, तेच आठ वर्षांचे आयुष्य, आणि या वर्षीच्या करपूर्व नफ्यात 30,000 चा फरक. वर्गीकरणावर एवढा भर का, ते इथे दिसते.

आयएएस पद्धतीत आणखी एक गोष्ट लागते: तुलनेच्या वर्षाच्या सुरुवातीच्या ताळेबंदावर मोठा परिणाम होत असेल तर तो तिसरा ताळेबंदही छापावा लागतो. आपल्या उदाहरणात तिसऱ्या वर्षअखेरचा. त्याच्या टिपा द्याव्या लागत नाहीत, एवढाच दिलासा.

आता प्रश्न येतो रक्कम किती मोठी असली म्हणजे एवढा खटाटोप करायचा. मागे जाऊन दुरुस्ती करायची ती महत्त्वाच्या चुकीसाठी. वाचकाचा निर्णय बदलू शकेल अशा. पण फक्त टक्केवारी लावून मोकळे होऊ नका. अमेरिकी बाजार नियामकाने 1999 च्या आपल्या परिपत्रकात हेच सांगितले: लहान रक्कमही तोट्याचे रूपांतर नफ्यात करत असेल, कर्जाची अट पाळल्याचे दाखवत असेल किंवा कुणाचा बोनस ठरवत असेल तर ती लहान राहत नाही. मुद्दाम केलेली चूक तर छोटी असली तरी चालत नाही. आयएएस 8 मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे.

आणि आता तो ‘किरकोळ’ फरकांचा कागद काढा. समजा एक तरतूद दरवर्षी 20,000 ने कमी घेतली जाते आणि दरवर्षी ती सोडून दिली जाते. पाच वर्षांनी ताळेबंदात 1,00,000 चे भगदाड असते. एका वर्षाच्या नफ्याकडे पाहिले तर फरक 20,000 चा, ताळेबंदाकडे पाहिले तर लाखाचा. दोन्ही बाजूंनी मोजा, असे अमेरिकेत त्याच नियामकाच्या 2006 च्या परिपत्रकाने बंधनकारक केले. तुमच्या मानकात ते शब्दशः नसले तरी दोन्हीकडून मोजायची सवय लावून घ्या.

6. धोरण बदलायचे असेल तर

धोरण दोनच कारणांनी बदलता येते. नव्या मानकाने भाग पाडले, किंवा नव्या धोरणाने माहिती विश्वासार्ह राहून अधिक उपयुक्त होते. ‘नफा बरा दिसतो’ हे कारण नाही. नव्या मानकामुळे बदल होत असेल तर आधी त्या मानकाच्या शेवटी असलेल्या संक्रमणाच्या तरतुदी वाचा. तिथे वेगळी वाट दिलेली असेल तर तीच घ्यायची. तशी वाट नसेल, किंवा बदल स्वखुशीचा असेल, तर जणू पहिल्यापासून नवेच धोरण होते असे समजून मागे जायचे.

मालसाठ्याचे उदाहरण घेऊ. तिसऱ्या वर्षअखेर फिफोने 5,00,000 आणि भारित सरासरीने 4,60,000. चौथ्या वर्षअखेर 6,20,000 आणि 5,50,000. पाचव्या वर्षअखेर 5,80,000 आणि 5,30,000. फरक अनुक्रमे 40,000, 70,000 आणि 50,000.

चौथ्या वर्षाचा नफा किती घटला? 70,000 म्हणणारे पुष्कळ भेटतील. बरोबर उत्तर 30,000 आहे, कारण त्या वर्षाचा सुरुवातीचा साठाही 40,000 ने कमी झालेला आहे. ते 40,000 चौथ्या वर्षाच्या सुरुवातीच्या संचित नफ्यातून जातात. आणि पाचव्या वर्षी फरक 70,000 वरून 50,000 वर आला, म्हणजे त्या वर्षीचा नफा नव्या धोरणाने 20,000 ने जास्त दिसेल. साठा कमी दाखवूनही नफा वाढलेला पाहून कुणीतरी हटकणारच. उत्तर तयार ठेवा. हे सगळे करपूर्व आहे, कराचा हिशेब पायरी 5 प्रमाणेच.

अमेरिकी नोंदणीकृत कंपनीत नवे धोरण अधिक योग्य आहे असे ऑडिटरचे पत्रही नियामकाकडे जोडावे लागते. ते पत्र आयत्या वेळी मिळत नाही.

7. मागे जाणे शक्यच नसेल तर

कधी जुनी माहिती गोळाच केलेली नसते. तेव्हा जितके मागे जाता येईल तितक्याच वर्षापासून दुरुस्ती करायची आणि का जाता आले नाही ते टिपेत सांगायचे. ‘शक्य नाही’ म्हणजे सगळे वाजवी प्रयत्न करूनही शक्य नाही. वेळखाऊ आहे, माणसे कमी आहेत, जुने सॉफ्टवेअर बंद झाले पण बॅकअप आहे, यातले काहीही चालत नाही.

इथे एक बारीक पथ्य आहे. मागच्या वर्षाचा अंदाज नव्याने काढताना आज माहीत असलेल्या गोष्टी त्यात मिसळायच्या नाहीत. त्या तारखेला जे माहीत होते तेवढ्यावरच आकडा काढायचा. नंतर काय घडले ते ठाऊक असताना हे अवघड जाते. म्हणून मी जुन्या कागदांचा गठ्ठा तारखेप्रमाणे लावून त्या दिवसानंतरचे कागद वेगळ्या फाइलमध्ये टाकतो आणि मगच आकडेमोडीला बसतो.

8. टीप लिहा

टीप मोघम लिहिली की पुढे प्रश्न वाढतात. चुकीसाठी साधारण असे लिहिता येते:

‘यंत्राचे उपयुक्त आयुष्य खरेदी करारानुसार 8 वर्षे असताना ते 10 वर्षे धरले गेले होते. त्यामुळे मागील वर्षांत घसारा कमी आकारला गेला. ही चूक तुलनात्मक आकडे पुनर्निर्धारित करून दुरुस्त केली आहे. मागील वर्षाचा घसारा 30,000 ने वाढला, करपश्चात नफा 22,500 ने घटला आणि त्या वर्षाच्या सुरुवातीचा संचित नफा 67,500 ने कमी झाला.’

धोरणबदलाच्या टिपेत यासोबत नवे धोरण अधिक उपयुक्त का, ते कारण येते. अंदाजाच्या टिपेत स्वरूप आणि रक्कम पुरते. ‘आवश्यक ते बदल करण्यात आले आहेत’ या वाक्याने काहीच कळत नाही, ते कुठल्याही टिपेत नको.

9. हातातून निसटणाऱ्या गोष्टी

प्रतिसमभाग मिळकत, म्हणजे एका शेअरमागचा नफा. चूक किंवा धोरणबदलामुळे मागचा नफा बदलला की तुलनेच्या वर्षाची ही मिळकतही पुन्हा काढावी लागते, आणि टिपेत किती फरक पडला तेही द्यावे लागते.

तिमाही आकडे. वर्षाच्या मध्ये धोरण बदलले तर त्याच वर्षाच्या आधीच्या तिमाह्याही नव्या धोरणाने दाखवाव्या लागतात.

नफ्यावर बेतलेले करार. बोनस, रॉयल्टी, बँकेच्या अटी. जुना नफा बदलला म्हणून आधी दिलेला बोनस आपोआप परत घेता येत नाही. करारात काय लिहिले आहे ते पाहावे लागते. बँकेला मात्र छापील पत्रक हाती पडण्याआधी कळवा. गुणोत्तराची अट मोडलेली असेल तर त्या कर्जाचे वर्गीकरणही तपासावे लागेल, म्हणजे आणखी एक दुरुस्ती आणि आणखी एक टीप.

आणि जोडपत्र न वाचता आयुष्य रजिस्टरला चढवले गेले असेल तर त्याच माणसाने त्याच काळात चढवलेली बाकीची यंत्रेही तपासून घ्या. ऑडिटर पुढची मागणी तीच करणार आहे.